ओळख पटवायची कोणी?

२८ ऑगस्ट १९९३ रोजी निवडणूक आयोगाने एक आदेश काढला. देशातल्या प्रत्येक मतदाराला छायाचित्र असलेले ओळखपत्र द्यायचे, हे काम ३० नोव्हेंबर १९९४ पर्यंत संपवायचे आणि जिथे ते संपलेले नसेल तिथे १ जानेवारी १९९५ नंतर मतदान घ्यायचे नाही, असा त्याचा आशय. मुख्य निवडणूक आयुक्त होते टी. एन. शेषन. त्याच महिन्याच्या २ तारखेला त्यांनी केंद्र सरकारशी चाललेल्या वादातून देशभरातल्या निवडणुकाच स्थगित केल्या होत्या. त्यामुळे ओळखपत्रांच्या आदेशाकडेही पुष्कळांनी शेषन यांच्या स्वभावाचा नमुना म्हणून पाहिले. आजही त्यांच्या आठवणी निघाल्या की हाच सूर लागतो.

स्वभाव बाजूला ठेवून आदेश वाचला, तर त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसतात. पहिली सरकारला बजावलेली आहे: ओळखपत्र तुम्ही द्या, वेळेत द्या. दुसरीचा फटका मतदाराला बसणार आहे: ओळखपत्रे झाली नाहीत तर मतदान नाही. कामात कसूर सरकारची आणि मत जाणार नागरिकाचे. ओळखपत्राच्या सक्तीवरचा आपल्या देशातला सगळा वाद या गाठीत अडकलेला आहे, असे मला वाटते. समोर उभा असलेला माणूस तोच मतदार आहे याची खात्री करणे हे काम कोणाचे? आणि ते काम नीट झाले नाही तर भुर्दंड कोणी सोसायचा? स्वतंत्र भारताच्या दप्तरात या प्रश्नाला वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिलेली सापडतात. सुरुवात राज्यघटनेच्याही आधी होते.

१९४७ च्या नोव्हेंबरात घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांकडे आणि संस्थानांकडे विचारणा केली की, प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर मतदारयाद्या करायच्या झाल्या तर तुम्ही त्या कशा कराल? आलेल्या उत्तरांवर विचार करून १५ मार्च १९४८ च्या पत्राने प्रत्यक्ष सूचना धाडण्यात आल्या. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली मूठभर अधिकारी हे काम पाहत होते. हा पत्रव्यवहार निवडणूक आयोगाच्या अभिलेख कक्षात होता. इतिहासकार ऑर्निट शानी यांनी तो वाचून २०१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पहिल्या मतदारयादीची हकिकत आज इतक्या तपशिलाने सांगता येते ती त्यांच्यामुळे.

या सूचनांचे वेगळेपण लक्षात यायचे तर आधीची यादी कशी होती ते पाहायला हवे. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुकांत मत देऊ शकणारे लोक साधारण तीन कोटी. मालमत्ता, भरलेला कर, शिक्षण यांवर पात्रता ठरे. म्हणजे यादीत नाव येण्याआधीच त्या माणसाचा कुठला ना कुठला कागद सरकारदरबारी असे: सातबाऱ्यावरची नोंद, सारा भरल्याची पावती, परीक्षेचा दाखला. आता प्रत्येक सज्ञान माणूस मतदार होणार होता, आणि त्यांतल्या बहुसंख्यांच्या नावाचा एकही कागद कुठेच नव्हता. मग ठरले असे की सरकारी माणसाने घरोघर जायचे, विचारायचे आणि लिहून घ्यायचे. ३१ मार्च १९४८ ला संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवस त्या ठिकाणी वास्तव्य असावे, एवढी अट होती. वास्तव्याचा पुरावा मतदाराने आणून द्यावा, अशी अट नव्हती.

ही रचना निर्वासितांपाशी येऊन अडली. फाळणीनंतर आलेल्यांचे १८० दिवस कसे भरणार? नागरिकत्वाचा कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता, घटनेचा मसुदा नुकताच १९४८ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला होता. आसामात तर ‘तरत्या लोकसंख्ये’ची नावे यादीत घेऊ नयेत असा प्रांतिक सरकारचाच कल होता. निर्वासितांच्या संघटनांनी दिल्लीला पत्रे लिहिली, त्यांत मसुद्यातल्या नागरिकत्वाच्या कलमांचे आधार दिले. अजून लागू न झालेल्या घटनेचे कलम हाती धरून हक्क मागणारी ही माणसे या सगळ्या दप्तरातली मला सर्वांत मोलाची वाटतात. सचिवालयाने दिलेले उत्तर सरळ होते. या गावात किंवा शहरात कायम राहण्याचा आमचा इरादा आहे, असे निर्वासिताने नुसते घोषित केले तरी त्याचे नाव घ्यावे, प्रत्यक्ष वास्तव्य कितीही दिवसांचे असो. घरदार सोडून आलेल्या माणसाचा शब्द नव्या राज्याने पुरावा म्हणून स्वीकारला.

प्रांतिक सरकारांच्या हातात याद्या ठेवल्या तर काय होईल, हेही याच काळात दिसून आले. १५ जून १९४९ रोजी घटना समितीत निवडणूक आयोगाच्या कलमावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, काही प्रांतांत तिथल्या बहुसंख्यांहून वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना यादीबाहेर ठेवले जात असल्याचे आपल्या कानावर आले आहे. निवडणुकांची सगळी यंत्रणा एका केंद्रीय आयोगाच्या हाती देण्यामागचे एक मोठे कारण त्यांनी हे दिले. आज आपण आयोगाचा विचार मुख्यतः मतदानाच्या दिवसापुरता करतो. पण त्याचा जन्म झाला तो यादीतून नाव गळू नये, या काळजीतून.

आयोग २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला आणि मार्चमध्ये सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांच्या कार्यालयाने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा जो अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, तो या हकिकतीतला सगळ्यांत मोठा दस्तऐवज. अहवालाची भाषा शिस्तशीर, सरकारी. शाईच्या ३,८९,८१६ कुप्या लागल्या, असा बारीक हिशेब त्या कामाचा ठेवला गेला होता. मतदार सतरा कोटी बत्तीस लाखांच्या आसपास. आणि याच अहवालात, मतदारयाद्यांच्या प्रकरणात, एक परिच्छेद स्त्रियांच्या नावांबद्दल आहे.

झाले होते ते असे. याद्यांसाठी घरोघर फिरणाऱ्यांनी काही प्रांतांत स्त्रियांची नावे न लिहिता नाती लिहिली होती. अमक्याची आई, तमक्याची बायको, फलाण्याची मुलगी. परक्या पुरुषाला आपले नाव सांगण्याची तिथे रीत नव्हती. घरातला कर्ता पुरुष जे सांगेल ते कारकून टिपून घेई आणि पुढच्या दारी जाई. हे ध्यानात येताच आयोगाने कळवले की नाव हा मतदाराच्या ओळखीचा आवश्यक भाग आहे, नाव नसलेली नोंद चालणार नाही. स्त्रियांनी आपली नावे सांगावीत म्हणून प्रचार झाला. बिहारला त्यासाठी एक महिना वाढवून देण्यात आला आणि त्याचा चांगला उपयोग झाला. राजस्थानातही मुदत वाढवली, तिथे प्रतिसाद बेताचाच मिळाला. अखेर देशातल्या जवळपास आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लाख जणींच्या नोंदी यादीतून काढून टाकाव्या लागल्या. या नोंदी बहुतेक सगळ्या बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या पाच राज्यांतल्या.

मुंबई राज्य या पाचांत नाही. आपल्याकडे बाईला अवघड जाई ते नवऱ्याचे नाव घेणे, त्यासाठी उखाणा लागे. स्वतःचे नाव सांगायला ती अडखळत नसे. उत्तरेत पडदा नावावरच होता.

सेन यांचा निर्णय बरोबर होता की चूक? तत्त्व म्हणून मला तो बरोबर वाटतो. बाई मतदार असते ती स्वतःच्या हक्काने. कोणाची तरी बायको म्हणून दिलेला मताधिकार हा १९३५ च्या कायद्याचा वारसा होता, तिथे नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत मिळे. तो वारसा मोडणे गरजेचे होते. वगळल्यामुळे जी ओरड होईल तिचा उपयोगच होईल, पुढच्या निवडणुकीपर्यंत ही समजूत नाहीशी होईल, असा विश्वास सेन यांना होता. तरीही अहवालातला तो परिच्छेद पुन्हा वाचताना मन अस्वस्थ होते. नाव न विचारता ‘अमक्याची बायको’ लिहिणारा कारकून सरकारचा होता. ती नोंद तपासून स्वीकारणारा अधिकारी सरकारचा होता. त्या सदोष नोंदीची शिक्षा मात्र त्या बाईला झाली. बिहारचा एक महिना सांगतो की सरकारने पुन्हा दारी जायचे मनावर घेतले असते तर यांतल्या पुष्कळ जणी वाचल्या असत्या. शेकड्याने मोजले तर हे प्रमाण साडेतीन टक्के भरते, आणि अहवालात ते तसे फार मोठे दिसत नाही. पण पहिल्याच निवडणुकीत मत न देता आलेल्या या २८ लाख बाया होत्या.

यादीचा प्रश्न असा हाताळला गेला. मतदानकेंद्रावर ओळख पटवण्याची रीत मात्र वेगळ्या वळणाने घडली. मतदारांतले बहुसंख्य निरक्षर, त्यांच्याजवळ कागद नाही, सही नाही. म्हणून बोटाला शाई लावायची ठरले. शाईचे काम पाहा: ती माणसाला तू कोण आहेस हे विचारत नाही. तू एकदा मत दिले आहेस एवढेच ती सांगते. एकाने दोनदा मत देणे हा तोतयेगिरीचा सर्वांत सोपा प्रकार, आणि तो रोखायला कुणाकडूनही पुरावा मागावा लागत नव्हता. १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून येते.

शाईने भागणार नाही तिथे काय करायचे, ते १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत लिहिलेले आहे. हे नियम मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत, कारण त्यांत माणसावरचा विश्वास कलमाकलमातून दिसतो. पस्तिसाव्या नियमाप्रमाणे मतदारांची ओळख पटवायला मदत म्हणून केंद्राध्यक्षाला योग्य वाटतील ती माणसे नेमता येतात. आपल्याकडे गावाला ओळखणारा असा माणूस म्हणजे कोतवाल किंवा तलाठी. यादीत छपाईची किंवा लेखनिकाची चूक असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे, समोरचा माणूस तोच आहे याची खात्री पटली म्हणजे पुरे, असेही त्याच नियमात आहे. छत्तिसावा नियम आक्षेपाचा. एखाद्या मतदाराबद्दल उमेदवाराच्या प्रतिनिधीला शंका असेल तर त्याने आधी दोन रुपये रोख भरायचे. मग केंद्राध्यक्षाने मतदाराला तोतयेगिरीच्या शिक्षेची समज द्यायची, यादीतली नोंद वाचून दाखवायची, तोच तो का हे विचारायचे आणि तिथल्या तिथे चौकशी करायची. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मत देऊ द्यायचे. आक्षेप उगाच घेतलेला असेल तर दोन रुपये जप्त. म्हणजे संशयाचा खर्च आधी संशय घेणाऱ्याने उचलायचा. आणि आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेले असेल तर खऱ्या मतदाराला हात हलवत परत पाठवायचे नाही, त्याचे मत वेगळे, प्रदत्त मत म्हणून घ्यायचे, असे बेचाळिसावा नियम सांगतो.

ही सगळी व्यवस्था गावाला शोभणारी. जिथे माणसे एकमेकांना ओळखतात तिथे ती चालते. शहरात शेजारच्या बिऱ्हाडातला माणूस माहीत नसतो. १९५७ च्या निवडणुकीवरच्या अहवालात आयोगाने म्हणूनच सुचवले की कलकत्त्यासारख्या दाट वस्तीच्या शहरी मतदारसंघांत मतदारांना छायाचित्राची ओळखपत्रे द्यावीत. २७ नोव्हेंबर १९५८ रोजी कायदेमंत्री अशोककुमार सेन यांनी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते सुकुमार सेन यांचे धाकटे भाऊ, आणि निवडून आलेले कलकत्त्यातूनच. ३० डिसेंबरला दुरुस्ती अमलात आली. थोरले भाऊ त्याआधी अकरा दिवस पदावरून निवृत्त झाले होते.

मतदार नोंदणी नियम, १९६० मधला अठ्ठाविसावा नियम या दुरुस्तीतून आला. ओळखपत्राच्या आजच्या वादात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. आयोग अधिसूचना काढील त्या मतदारसंघात नोंदणी अधिकाऱ्याने प्रत्येक मतदाराला ओळखपत्र द्यायचे. छायाचित्र सरकारी खर्चाने काढायचे. ओळखपत्राच्या दोन प्रती करायच्या, एक मतदाराकडे, एक अधिकाऱ्याच्या दप्तरी. मतदाराने छायाचित्र काढू देण्यास नकार दिला, टाळाटाळ केली किंवा सरकारी छायाचित्रकाराने वारंवार जाऊनही तो घरी भेटला नाही, तरच ओळखपत्र करायचे नाही आणि तशी नोंद ठेवायची. ‘वारंवार जाऊनही’ हे शब्द महत्त्वाचे. कॅमेरा घेऊन सरकार मतदाराच्या दारी जाणार होते.

प्रयोग झाला तो कलकत्ता नैर्ऋत्य या लोकसभा मतदारसंघात, १९६० च्या पोटनिवडणुकीच्या निमित्ताने. (त्या पोटनिवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाचे इंद्रजित गुप्ता पहिल्यांदा लोकसभेवर निवडून आले.) निकाल आयोगाने १९६२ च्या निवडणुकीच्या अहवालात नोंदवला. मतदार ३.४२ लाख. दहा महिने खटपट करून २.१३ लाखांची छायाचित्रे निघाली, २.१० लाखांना ओळखपत्रे मिळाली. आठांतले तीन मतदार ओळखपत्रावाचून राहिले. कारणे अहवालातच आहेत. छायाचित्रकार पुरुष असो की स्त्री, पुष्कळ बायकांनी छायाचित्र काढू दिले नाही. पुष्कळ माणसे छायाचित्रकार आला तेव्हा घरी नव्हती. आणि शहरातली माणसे एका भागातून दुसऱ्या भागात सतत बिऱ्हाड हलवत होती. हा उपद्व्याप खर्चाच्या आणि कष्टाच्या मानाने फायद्याचा नाही, असा निष्कर्ष निघाला आणि योजना बासनात गेली.

या अहवालाचे मोल असे की त्यात दोष मतदाराच्या माथी मारलेला नाही. घरी न सापडणारा माणूस बहुधा कामावर गेलेला असतो, हे त्या अधिकाऱ्यांना दिसत होते. ज्यांना ओळखपत्र पोहोचवणे सर्वांत अवघड तेच लोक ओळखपत्राच्या सक्तीने आधी बाहेर पडणार, आणि ते कोण असतील हेही त्या तीन कारणांतून कळते: पडद्यातल्या बाया, दिवसभर राबणारे, भाड्याच्या खोल्या बदलणारे. नंतरच्या प्रत्येक वादात हीच माणसे पुन्हा भेटतात.

पुढची तीन दशके भरभर सांगून टाकता येतील. कायद्यात तरतूद राहिली: एकसष्टाव्या कलमाखाली, मतदारसंघात ओळखपत्रे दिलेली असतील तर मागणी झाल्यावर ते दाखवणे मतदारावर बंधनकारक करता येते. १९७९ मध्ये सिक्कीममध्ये छायाचित्र ओळखपत्रे दिली गेली, नंतर ईशान्येतल्या आणखी काही राज्यांत. १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले आणि याद्या फुगल्या. १९९० च्या गोस्वामी समितीने ओळखपत्रांची शिफारस केली. मग शेषन आले.

१९९३ च्या आदेशानंतर राज्य सरकारांनी खर्चाची आणि वेळेची अडचण पुढे केली. ती सगळी खोटी नव्हती. कलकत्त्याच्या एका मतदारसंघाला दहा महिने पुरले नव्हते, इथे अवघ्या देशासाठी पंधरा महिने होते. पण राज्ये चालढकल करत होती हेही खरे, आणि शेषन यांच्या दट्ट्यावाचून ओळखपत्र घराघरांत पोहोचायला आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे. मुदत संपली तेव्हा काम अर्धवट होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५ च्या आरंभी महाराष्ट्र, गुजरात, बिहार, ओरिसा इथे विधानसभेच्या निवडणुका होत्या, आणि ओळखपत्रे अपुरी असतानाच त्या झाल्या. महाराष्ट्रात ९ आणि १२ फेब्रुवारीला मतदान झाले, सुमारे ७२ टक्के लोकांनी मत दिले आणि राज्यात सत्तांतर झाले.

त्या मतदानाच्या तीन दिवस आधी, ६ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने लाल बाबू हुसेन प्रकरणाचा निकाल दिला. ओळखपत्राच्या गदारोळात तो झाकला गेला, पण माझ्या मते त्या वर्षातला तो सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. परदेशी नागरिकांची नावे यादीतून काढण्यासाठी आयोगाने १९९२ आणि १९९४ मध्ये सूचना दिल्या होत्या. त्यांच्या आधारे दिल्लीत आणि मुंबईत, मुख्यतः गरीब वस्त्यांत, आधीपासून यादीत असलेल्या मतदारांना नोटिसा गेल्या: भारताचे नागरिक आहोत हे सिद्ध करा. मुंबईत कोणते कागद चालतील तेही ठरवून टाकले होते. जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, नागरिकत्वाच्या नोंदवहीतला उतारा. झोपडपट्टीत राहणाऱ्या, गावाकडून आलेल्या माणसाकडे यांतले काय निघणार?

न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे, त्याचे ते नाव घालताना अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे खात्री केलेली असणार, म्हणून त्या नोंदीला पुरावा म्हणून योग्य वजन द्यावे लागेल. संशय घेण्याचे कारण मतदाराला कळले पाहिजे. तो देईल तो कोणताही पुरावा विचारात घेतला पाहिजे, ठरावीक चारच कागद चालतील असे म्हणता येणार नाही. अधिकाऱ्याने पोलिसांच्या यादीवर विसंबून न राहता स्वतःचे डोके वापरून निर्णय द्यावा. न्यायालयाने या चौकशीला अर्धन्यायिक म्हटले. दोन रुपयांच्या नियमामागे जे तत्त्व होते तेच आता सर्वोच्च न्यायालयाच्या भाषेत आले.

नंतर ओळखपत्र जसजसे पसरले तसतशी त्याची सक्ती आली, आणि सक्तीबरोबर पर्यायी कागदांची यादीही आली. मतदार ओळखपत्र जवळ नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहनपरवाना, रोजगार हमीचे जॉबकार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक, अपंगांचे ओळखपत्र असे बारा कागद २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चालत होते. याहून मोठा बदल झाला तो छायाचित्र असलेल्या मतदारयादीचा. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ५४३ पैकी ५२२ मतदारसंघांत अशी यादी होती. १९६० च्या नियमातली ‘दुसरी प्रत दप्तरी’ ही कल्पना यातून खऱ्या अर्थाने प्रत्यक्षात आली. यादीतच चेहरा असेल तर मतदाराने वेगळे काय दाखवायचे? ओळख पटवण्याचे साधन अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे. आयोगच घरोघर वाटत असलेली छायाचित्राची मतदारचिठ्ठीही ओळख म्हणून काही वर्षे चालली. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर आयोगाने सांगितले की नुसती चिठ्ठी यापुढे चालणार नाही, तिच्यात सुरक्षिततेची खूण नाही.

आणि मग २४ जून २०२५. या तारखेच्या आदेशाने बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. मतदार ७.८९ कोटी. ज्यांचे नाव २००३ च्या यादीत नव्हते त्यांनी अकरा कागदांपैकी कोणता तरी द्यायचा: जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, पासपोर्ट अशी ती यादी. तीत आधार नव्हते, शिधापत्रिका नव्हती. आणि जे ओळखपत्र नसेल तर निवडणूकच घेऊ नये असा आदेश १९९३ मध्ये निघाला होता, ते आयोगाचे स्वतःचे मतदार ओळखपत्रही नव्हते. फेरतपासणीच्या बाजूने जे म्हटले गेले त्यात तथ्य आहे. मेलेल्यांची, स्थलांतरितांची, दोनदा नोंदलेल्यांची नावे याद्यांत असतात, आणि यादी स्वच्छ ठेवणे हे आयोगाचे घटनादत्त काम आहे. आक्षेप कामाच्या रीतीला होता. वर्षानुवर्षे मत देत आलेल्या माणसाला, निवडणूक तोंडावर असताना, काही आठवड्यांत पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करायला लावले गेले. १९९५ च्या निकालात आधीच्या नोंदीला जे वजन दिले होते, ते इथे केवळ २००३ च्या आधीच्यांना मिळाले.

१ ऑगस्टला मसुदा यादी आली, ७.२४ कोटींची. ६५ लाख नावे तीत नव्हती. १० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने आधार, मतदार ओळखपत्र आणि शिधापत्रिका यांचा विचार करावा असे आयोगाला सुचवले होते. १४ ऑगस्टला त्याने आदेश दिला की या ६५ लाखांची नावे, प्रत्येकाचे नाव का गेले त्या कारणासह, जाहीर करावीत, ती शोधता येतील अशी असावीत आणि गटविकास व पंचायत कार्यालयांतही लावावीत. ८ सप्टेंबरला आधार हा बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितले, नागरिकत्वाचा नव्हे तर ओळखीचा पुरावा म्हणून. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७.४२ कोटी नावे होती.

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी पुढच्या टप्प्याची घोषणा झाली. गोव्यासह बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश त्यात होते, सुमारे ५१ कोटी मतदार. या वेळी रीत बदलली होती. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने गणनापत्रक घेऊन घरी जायचे, मतदार भेटला नाही तर तीनदा जायचे, पत्रकासोबत कोणताही कागद मागायचा नाही. आधी मागच्या फेरतपासणीच्या यादीशी जुळवणी करायची, जिथे ती होणार नाही तिथेच नोटीस आणि सुनावणी. १९६० च्या नियमातले ‘वारंवार जाऊनही’ निदान या पत्रकापुरते परत आले. पत्रकात दोन रकाने होते: जुन्या यादीतली स्वतःची नोंद, किंवा ती नसेल तर नातेवाइकाची. ज्या बाईचे नाव लग्नानंतर सासरी पहिल्यांदा यादीत आले, तिने हा दुसरा रकाना भरायचा, आणि तो भरायला सासरच्या माणसांची नोंद उपयोगाची नाही. आई-वडिलांचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तिला माहेरच्या गावाच्या, कधी दुसऱ्याच राज्याच्या, वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीतून शोधून आणावा लागतो.